गहू सोडण्यापूर्वी रक्त तपासा



आपल्यापैकी पुष्कळ घरांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या व्यापारावर चालत आला आहे. लोकवन, सिहोर, शरबती, खपली ही नावे आपल्या मुलांच्या कानांवर अक्षरओळखीच्याही आधी पडतात. पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची प्रत सांगणारी माणसे मार्केट यार्डात आजही आहेत. अशा घरातील एखाद्या लहान मुलाला गहूच वर्ज्य आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ते घर क्षणभर अवाक् होते. ‘गहू कसा काय बाधेल? सगळे जग पोळी खाते,’ हा आजोबांचा पहिला प्रश्न असतो आणि तो स्वाभाविकही आहे.

या विकाराला सिलिॲक म्हणतात. बोलीत त्याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. ॲलर्जीत गहू पोटात गेल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. सिलिॲकमध्ये असे काही दिसत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. पिठाला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. काही व्यक्तींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. निरोगी आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे अतिसूक्ष्म अंकुर असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम ते करतात. हल्ला चालू राहिला की ही लव झिजते व अखेरीस सपाट होते. मग मूल कितीही जेवले तरी त्याच्या अंगी लागत नाही.

लक्षणे फसवी असतात. काही मुलांना वारंवार पातळ शौचास होते, पोट फुगलेले आणि हातपाय काडीसारखे दिसतात. अशा मुलाचा आजार लवकर ओळखला जातो. परंतु कित्येक मुलांचे पोट ठीक असते, उलट बद्धकोष्ठही असते. उंची मात्र बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे राहते, लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही, तोंड सारखे येते, दातांवरील आवरण नीट धरत नाही, वयात येणे लांबते. ‘आमच्याकडे सगळेच बुटके’ या एका वाक्यात अशी किती मुले झाकली जात असतील, कोण जाणे.

आपल्या देशात हा विकार दुर्मीळ मानला जाई. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने तो समज मोडला. देशाच्या तीन भागांतील 23,331 प्रौढांची रक्ततपासणी त्यासाठी झाली होती. रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के, तर दक्षिणेत केवळ 0.10 टक्के आढळले. या विकाराला अनुकूल अशी आनुवंशिक रचना तिन्ही भागांत जवळपास सारख्याच लोकांत होती. उत्तरेतील लोकांच्या पोटात जाणारा गहू मात्र दक्षिणेपेक्षा कित्येक पटींनी अधिक होता. आपल्यातील अनेक कुटुंबे मारवाड-गुजरातेतून महाराष्ट्रात येऊन चार-पाच पिढ्या लोटल्या, पण फुलके, खाखरे, ठेपले आणि लापशी त्यांच्या ताटातून हललेली नाहीत. सांगली-कोल्हापूरकडील भाकरीवर वाढलेल्या घरांतही आता मुलांच्या डब्यात पोळी आणि बिस्किटेच असतात. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

इंग्लंडमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी 1888 साली या आजाराचे नेमके वर्णन केले आणि उपाय सापडलाच तर तो आहारात सापडेल असे मत मांडले. कोणते अन्न दोषी हे मात्र त्यांना उमगले नव्हते. ते शोधण्याचे श्रेय हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचे. हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयात काम करताना गव्हाविषयी त्यांना पूर्वीपासूनच शंका होती. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची ही शंका अधिक बळावली. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. त्याच सुमारास त्यांचे सहकारी फान द कामर यांनी शौचातील स्निग्धांश अचूक मोजण्याची रीत बसवली होती. आहारात गहू आला की मुलाच्या शौचातील चरबी वाढे, गहू काढला की ती उतरे. मुलाला सुई न टोचता त्याच्या आतड्याचा हालहवाल सांगणारी ही खूणच होती. आजच्या शास्त्रात अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात.

पुढे 1956-57 च्या सुमारास नळीवाटे आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढण्याची सोय झाली आणि शास्त्राची भिस्त त्या तुकड्यावर गेली. प्रत्यक्ष लव झिजलेली दिसते म्हटल्यावर वाद उरत नाही, हे खरेच. पण त्याची किंमत मुलांनी मोजली. युरोपातील बालजठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने 1970 साली घालून दिलेल्या पद्धतीनुसार एकाच मुलाचा तुकडा तीनदा काढावा लागे: प्रथम निदानासाठी, मग गहू बंद करून सुधारणा दिसते का ते पाहण्यासाठी, आणि पुन्हा गहू देऊन बिघाड होतो का ते पाहण्यासाठी. 1990 साली हे तिनाचे एकावर आले. 2012 साली त्याच संस्थेने काही मुलांना त्या एकातूनही मुक्त केले आणि 2020 साली ती सवलत आणखी सोपी केली. तीनावरून एक, एकावरून शून्य. हा प्रवास घडला तो रक्तातील एका खुणेमुळे.

ती खूण 1997 साली जर्मनीतील संशोधकांना गवसली. आपल्या शरीरात ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एक विकर असते. सिलिॲकच्या रुग्णाचे शरीर याच विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तात ती मोजता येतात. प्रयोगशाळेच्या अहवालावर या तपासणीचे नाव ‘टीटीजी-आयजीए’ असे असते. एक नळीभर रक्त पुरते, उपाशी राहावे लागत नाही, भूल लागत नाही.

आकड्यांशी आयुष्यभर संबंध आलेला असल्याने या अहवालाकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. बँकेत कर्जाचे प्रकरण केवळ ताळेबंदावर मंजूर होत नसे. ताळेबंद कोणत्या तारखेचा, कोणाकडून तपासलेला, त्या दिवशी गोदामात माल होता का, हे सारे पाहावे लागे. या तपासणीचेही तसेच आहे. नुसता आकडा पुरेसा नसतो.

पहिली गोष्ट, अहवालातील आकड्याच्या बाजूला त्या प्रयोगशाळेची कमाल सामान्य मर्यादा छापलेली असते. ती प्रत्येक किटची निराळी असते. कोठे 10 असते, कोठे 20. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे. आपल्या मुलाचा आकडा त्याच अहवालातील मर्यादेच्या किती पट आहे, एवढेच पाहायचे. युरोपीय नियमानुसार तो दहापट किंवा अधिक असेल, तर रक्ताचा दुसरा नमुना घेऊन एंडोमायसियल प्रतिपिंडांची तपासणी करतात. तीही सकारात्मक आली, तर पालकांशी विचारविनिमय करून तुकडा न काढताही निदान पक्के मानता येते. येथे एक बारीक मेख आहे. काही अहवालांत ‘100 पेक्षा अधिक’ एवढेच लिहिलेले असते. मर्यादा 10 असेल तर हे दहापट झाले. मर्यादा 20 असेल तर पाचपटच सिद्ध होते. अशा वेळी रक्त पातळ करून नेमका आकडा काढून देण्याची विनंती प्रयोगशाळेला करता येते.

दुसरी गोष्ट, टीटीजीबरोबर रक्तातील एकूण आयजीएही मोजलेच पाहिजे. सिलिॲकच्या रुग्णांपैकी 2 ते 3 टक्के जणांच्या शरीरात आयजीए जातीची प्रतिपिंडे मुळातच तयार होत नाहीत. त्यांचा टीटीजी-आयजीए अहवाल कोराच येणार. ज्याचे बँकेत खातेच नाही त्याच्या नावावर शिल्लक दिसत नाही, याचा अर्थ तो निर्धन आहे असा होत नाही. अशा मुलांसाठी आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांची तपासणी असते आणि त्यांच्या निदानासाठी तुकडाही तपासावा लागतो.

या पद्धतीवर विश्वास ठेवावा का? 21 देशांतील 33 केंद्रांत 707 मुलांवर ती पडताळून पाहण्यात आली आणि 2017 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मुलांत लक्षणे होती, टीटीजी दहापटीहून अधिक होते आणि एंडोमायसियल तपासणीही सकारात्मक होती, त्यांच्यातील जवळजवळ प्रत्येक मुलाला खरोखर सिलिॲकच निघाला. निम्म्याहून अधिक रुग्ण मुलांची दुर्बिणीची तपासणी अशा रीतीने टळू शकते.

म्हणून सर्वांचीच टळते असे नव्हे. आकडा मर्यादेच्या दोनपट, चारपट, सातपट असा मधल्या पट्ट्यात असेल, तर तुकडा तपासणे योग्य. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांत टीटीजी काही काळ किंचित वाढून आपोआप उतरतेही. आपल्याकडील अनेक तज्ज्ञ आकडा मोठा असला तरी दुर्बिणीचा आग्रह धरतात. त्यांची कारणे ऐकून घ्यावीत. किटची गुणवत्ता सर्वत्र सारखी नसते, आणि एंडोमायसियल तपासणी जाणत्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी लागते. त्यांच्या आग्रहामागे बिल वाढवण्याचा हेतू आहे असे गृहीत धरण्याची आपली सवय या ठिकाणी मुलाच्या मुळावर येऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. वरील सर्व तपासण्या एका अटीवर उभ्या आहेत: तपासणीच्या वेळी मूल गहू खात असले पाहिजे. प्रतिपिंडे ही ग्लुटेनला दिलेली प्रतिक्रिया आहे. गहू बंद केला की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, काही महिन्यांनी सामान्य मर्यादेत येतात, आतड्याची लवही भरून येऊ लागते. मग रक्तात खूण सापडत नाही आणि तुकड्यातही नाही.

माझ्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. सात वर्षांची नात, उंची खुंटलेली, हिमोग्लोबिन वर चढेना. एका जवळच्या नातेवाइकाने सांगितले, ‘गहू बंद करून बघा.’ गहू बंद केला आणि मूल टवटवीत झाले. आठ-नऊ महिन्यांनी कोणीतरी सुचवले म्हणून रक्त तपासले, तर अहवाल सामान्य आला. घरात आनंदीआनंद झाला. मुलगी बरी आहे, काही आजार नाही, असे म्हणून पोळी पुन्हा सुरू झाली. सहा महिन्यांत सारी दुखणी परतली. अखेर बालरोगतज्ज्ञांपुढे कागद ठेवले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘रक्त दिले त्या दिवशी ही गहू खात होती का?’ पुन्हा तपासणी झाली. या वेळी आकडा दहापटीच्या पुढे होता, दुसऱ्या नमुन्याने दुजोरा दिला आणि नळी घालावी लागली नाही. पण वाढीच्या वयातील दीड वर्ष हातचे गेले होते. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, आणि गव्हाविषयीचा त्याचा अंदाजही बरोबरच होता. चुकला तो क्रम.

गहू आधीच सोडलेला असेल आणि निदान हवे असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली काही आठवडे किंवा महिने पुन्हा गहू खाऊ घालून मग तपासावे लागते. बरे वाटू लागलेल्या मुलाला जाणूनबुजून आजारी पाडण्याचाच हा प्रकार. पाच वर्षांच्या आतील मुलांत आणि वयात येण्याच्या काळात तज्ज्ञ तो शक्यतो टाळतात. या पेचावर ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत काम चालू आहे. रुग्णाला गहू न देता त्याच्या रक्ताच्या नमुन्यातच ग्लुटेन मिसळायचे आणि रक्तपेशी इंटरल्युकिन-2 हे द्रव्य सोडतात का ते पाहायचे, अशी ती कल्पना आहे. 2025 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु ते प्रौढांवरील आहेत. मुलांसाठी आज त्यावर विसंबता येणार नाही.

सुईही नको, अशी पालकांची इच्छा असते. लाळेतील प्रतिपिंडे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ती रीत अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही. शौचातील प्रतिपिंडांवरून निदान करण्याच्या कल्पनेची जर्मनीत मुलांवर कसून परीक्षा झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेला तिचा निकाल निराशाजनक होता: दहा रुग्ण मुलांमागे जेमतेम एक पकडले गेले. तेव्हा ‘घरबसल्या नमुना पाठवा, गव्हाचा त्रास ओळखा’ अशा जाहिराती दिसल्या, तर त्यात कोणता घटक मोजतात ते आधी विचारावे. बोट टोचून एका थेंबात टीटीजी दाखवणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. प्राथमिक चाळणीसाठी त्यांचा उपयोग आहे, मात्र त्यावरून कोणाचाही आहार बदलू नये.

निदान पक्के झाल्यावर उपचार एकच, आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य. आपल्या प्रदेशाचे भाग्य असे की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, भगर, शिंगाडा ही सारी धान्ये व पिठे मुळात निर्दोष आहेत. धोका असतो तो लपलेल्या गव्हात. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेले ज्वारीचे पीठ, गहू घातलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, मैदा मिसळलेला बांधणी हिंग, जवाचे माल्ट असलेली मुलांची पौष्टिक पेये, या सर्वांची यादी स्वयंपाकघरात लावून ठेवावी. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून या मुलांना देण्याचा एक प्रघात अलीकडे पडतो आहे. खपली हाही गहूच आहे. त्यातही ग्लुटेन आहे. व्यापारी बंधूंनी तरी गिऱ्हाइकाला असा सल्ला देऊ नये, ही विनंती.

बाजारात तयार ग्लुटेनमुक्त पदार्थ मिळतात. आपल्याकडील नियमानुसार त्यांत किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. आपल्या घरांना मात्र पाकिटाची मागची बाजू दोनदा वाचावी लागेल, कारण गव्हाचा चिवटपणा भरून काढण्यासाठी पाव आणि केकमध्ये पुष्कळदा बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च आणि अंडी वापरतात. कंदमुळे न खाणाऱ्या घरातील मुलाला दोन्ही पथ्ये सांभाळताना पर्याय फार थोडे उरतात. अशा वेळी घरी केलेली नाचणीची सत्त्वपिठे, ज्वारीचे धिरडे, मूग-तांदळाचे चिले यांकडे वळणे सोपेही आहे आणि स्वस्तही. आहारतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत आपली पथ्ये स्पष्ट सांगावीत. नाहीतर तो भाबडेपणाने उकडलेला बटाटा लिहून देईल आणि घरात नवाच वाद उभा राहील.

पथ्य नीट चालले आहे की नाही हेही मोजता येते. टीटीजीचा आकडा साधारण सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी तपासतात. तो उतरत जायला हवा. मात्र हा आकडा संथ चालतो, शाळेत मित्राच्या डब्यातील एक समोसा त्यात दिसत नाही. त्यासाठी लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे न पचलेले अंश शोधणाऱ्या तपासण्या काही देशांत वापरात आहेत. ग्लुटेन खाल्ल्यावर ते लघवीत साधारण एक-दीड दिवस आणि शौचात काही दिवस सापडतात. रोगाचे निदान त्यांनी होत नाही, एवढे ध्यानात असावे. आणि मुलाला पकडण्यासाठी त्या वापरू नयेत. मूल लपवू लागले तर कोणतीही तपासणी पुरी पडणार नाही.

राहता राहिली भावंडे. एका मुलाला सिलिॲक निघाला की सख्ख्या भावंडांत व आईवडिलांत तो असण्याची शक्यता 5 ते 10 टक्के असते, लक्षणे नसली तरीही. त्यांची टीटीजी व एकूण आयजीए तपासणी करून घ्यावी, अर्थात घरातला गहू सर्वांसाठी एकदमच बंद करण्यापूर्वी. आज आकडा सामान्य आला तरी पुढे वाढू शकतो, म्हणून ती काही वर्षांच्या अंतराने पुन्हा करावी लागते. येथे आणखी एक खूण उपयोगी पडते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यात एचएलए डीक्यू-2 आणि डीक्यू-8 ही जनुके आहेत का ते पाहता येते. ही जनुके सुमारे 30 ते 40 टक्के लोकांत असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना कधीही सिलिॲक होत नाही, तेव्हा ती असली म्हणून घाबरू नये. पण दोन्ही नसतील, तर त्या भावंडाला हा विकार होण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि त्याला पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागत नाही. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. तिच्यासाठी मूल गहू खात असो वा नसो, काही फरक पडत नाही.